तीस सेकंद, सदतीस अंश

आधी नीट बसून घ्या. पाठ टेकली तरी चालेल. हातातलं काम बाजूला ठेवा, खांदे सैल सोडा, श्वास जसा येतोय तसा येऊ द्या. आज मन जिथे न्यायचं आहे ती वस्तू वीतभरही लांब नाही. प्लॅस्टिकची एक बारीक नळी, मापाने अर्धा मिलिलिटर, आणि तिच्यात गोठवलेलं घोड्याचं वीर्य. पशुवैद्य तिला कांडी म्हणतात, स्ट्रॉही म्हणतात. या कांडीतून शिंगरू जन्माला येण्याची आशा किती धरावी, हे आधी कसं ओळखायचं? एवढा एकच प्रश्न घेऊन आपण थोडा वेळ बसणार आहोत.

मनाने परळला या. परळ म्हटलं की गिरण्यांचे भोंगे आठवतात, चाळी आठवतात, गणपतीच्या मूर्तींच्या कार्यशाळा आठवतात. त्यांच्या शेजारीच एक दुसरं परळ आहे, तिथे थांबा. जनावरांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याला लागून 1886 साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. त्या काळी या शहराची ट्राम घोडे ओढत होते. 1874 पासून ओढत होते. जवळच हाफकिन संस्था, जिच्या नावाशी घोड्यांच्या रक्तापासून बनणारं सर्पदंशावरचं प्रतिविष जोडलेलं आहे. तिथून हाकेच्या अंतरावर केईएम रुग्णालय. 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून तिथे प्रयोगशाळेतल्या फलनातून एक मुलगी जन्मली, आणि त्या कामात परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यांच्या सोबत होते. जन्माच्या अगदी पहिल्या क्षणाकडे भिंगातून टक लावून पाहण्याची सवय या वस्तीला जुनीच आहे. म्हणून आपलं टेबल इथे मांडू. टेबल मनातलं आहे, त्यावरची कृती मात्र खरी आहे.

टेबलावर सूक्ष्मदर्शक आहे. शेजारी कोमट पाण्याचं भांडं, त्यात तापमापी. खाली जमिनीवर ॲल्युमिनियमचं जाड मानेचं टाकं. झाकण उचललं की पांढरी वाफ काठावरून ओघळते आणि फरशीवर पसरून नाहीशी होते. आत द्रवरूप नायट्रोजन आहे, उणे 196 अंश सेल्सिअस. लगेच हात घालू नका. वाफ पाहत राहा.

त्या थंडीत कांडीतलं सगळं थांबलेलं आहे. शुक्राणूची शेपूट हलत नाही, साखर जळत नाही, काहीच खर्च होत नाही. ज्या घोड्याचं हे वीर्य, तो आज तबेल्यात चारा खात असेल, कदाचित म्हातारा झाला असेल, कदाचित हयातही नसेल. कांडीला त्याचा पत्ता नाही. टाक्यातला नायट्रोजन वेळेवर भरत राहिला तर ती वर्षानुवर्षं अशीच राहू शकते.

आता इथून मागे जाऊ, हळूहळू. ही कांडी भरली गेली त्या दिवशी एका वळू घोड्याचं वीर्य कृत्रिम योनीत घेतलं गेलं. त्यातला चिकट जेलसारखा भाग गाळून वेगळा केला. उरलेलं दूध-साखरेच्या द्रावणात मिसळून यंत्रात फिरवलं, म्हणजे शुक्राणू तळाशी बसावेत आणि वरचा द्रव काढून टाकता यावा. मग अंड्याचा बलक आणि थोडं ग्लिसरॉल असलेलं दुसरं द्रावण घातलं. कांड्या भरल्या, त्या चार-पाच अंशांपर्यंत सावकाश थंड केल्या, नायट्रोजनच्या वाफेत धरल्या आणि शेवटी द्रवात बुडवल्या.

पण त्या दिवशीही ते शुक्राणू नवे नव्हते. घोड्याच्या वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 57 दिवस लागतात, आणि पुढच्या नलिकांमधून पक्व होत बाहेर यायला आणखी काही दिवस. म्हणजे भिंगाखाली जे दिसणार आहे त्याची सुरुवात कांडी भरण्याच्या दोन महिने आधी झालेली असते. त्या दोन महिन्यांत घोड्याला ताप येऊन गेला असेल, तर ताप उतरलेला असतो, घोडा पुन्हा उड्या मारत असतो, मोतद्दार तो ताप विसरलेलाही असतो. वीर्यात मात्र तो अजून शिल्लक असतो. या गोष्टीपाशी मी नेहमी थबकतो. आज दिसणाऱ्या दोषाचं कारण आज शोधून सापडत नाही. म्हणून चांगला परीक्षक भिंगात पाहण्याआधी विचारतो, दोन महिन्यांपूर्वी घोडा कसा होता?

या प्रवासातली खरी धोक्याची जागा कोणती असेल? मनाला उणे 196 हा आकडा भयंकर वाटतो. पण त्या तळाशी पोहोचल्यावर सगळं सुरक्षित असतं. घात होतो तो वाटेवर, शून्याच्या खाली उतरताना पाण्याचं बर्फ होऊ लागतं तेव्हा. थंडी फार वेगाने आली तर पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशी फोडतात. फार सावकाश आली तर बाहेरचं पाणी आधी गोठतं, उरलेल्या द्रवातले क्षार दाट होतात, पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती आक्रसते. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे. अठराव्या शतकात इटलीतल्या लाझारो स्पलान्झानीने पाहून ठेवलं होतं की शुक्राणू गारव्यात निश्चल होतात आणि ऊब मिळाली की पुन्हा हलू लागतात. पण त्या अरुंद वाटेवरून त्यांना सुखरूप नेणारा सोबती, ग्लिसरॉल, सापडायला 1949 साल उजाडलं. इंग्लंडमधल्या पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांच्या हाती तो लागला. गोठवलेल्या वीर्यापासूनचं पहिलं शिंगरू कॅनडातलं, 1957 सालचं. गायीम्हशींच्या बाबतीत हे तंत्र पुढे गावोगाव पोहोचलं. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने ते महाराष्ट्राच्या गोठ्यांत नेलं. घोड्याचे शुक्राणू मात्र गोठण्याच्या बाबतीत बैलाच्या शुक्राणूंपेक्षा नाजूक निघाले. आणि घोड्याघोड्यांतही फार फरक. एका देखण्या, चपळ, निरोगी घोड्याचं ताजं वीर्य उत्तम असतं आणि गोठवून पुन्हा वितळवलं की त्यात जवळपास काही उरत नाही. शेजारच्या ठाणातल्या साध्या घोड्याचं टिकतं. घोडा पाहून हे सांगता येत नाही.

आता चिमट्याने कांडी बाहेर काढा. झटकन. मानेपाशी रेंगाळू नका. तिथली ऊब तिला सोसत नाही. कांडी पाण्यात सोडा. पाणी 37 अंश, वेळ 30 सेकंद.

हे तीस सेकंद पूर्ण द्या. काही करू नका. पाण्याकडे पाहा. ज्या वाटेने ती थंडीत उतरली तीच धोक्याची वाट ती आता उलट, भराभर चढून येते आहे. पाच-सहा श्वास होतील एवढाच हा वेळ, पण घाई करणाऱ्याला तो फार लांब वाटतो आणि तो विसाव्या सेकंदालाच कांडी उचलतो. तुम्ही उचलू नका.

झाले. आता कांडी पुसा, अगदी कोरडी. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू त्या साध्या पाण्याने फुगून मरतात. टोक कापा, वीर्य कोमट नळीत घ्या, त्यातला छोटा थेंब कोमट काचपट्टीवर ठेवा. प्रत्येक वस्तू कोमट, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. काच थंड असेल तर धडधाकट शुक्राणूही मंदावतात, आणि आपण आपल्या काचेचा दोष घोड्याच्या नावावर लिहून मोकळे होतो.

डोळा लावा. पहिली दोन मिनिटं फक्त पाहा, आकडा मनात येऊ देऊ नका.

दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी वरून पाहिलंत तर गर्दी एकसंध हलताना दिसते. जरा वेळ थांबलं की माणसं वेगळी होतात: कोणी सरळ वाट कापत निघालंय, कोणी जागच्या जागी वळतंय, कोणी कठड्याला टेकून उभं आहे. भिंगाखाली तसंच आहे. आधी सगळं क्षेत्र सळसळताना दिसतं आणि मन खूश होतं. मग एकावर नजर ठेवा. तो सरळ पुढे जातोय का? की लहानशा वर्तुळात फिरतोय? की नुसती शेपूट थरथरतेय आणि डोकं तिथेच आहे? पहिला तेवढा अग्रगामी. वर्तुळात फिरणारा आणि थरथरणारा दोघेही हलणाऱ्यांत मोजले जातात, पण घोडीच्या गर्भाशयाच्या शिंगातून वर बीजनलिकेपर्यंतचा प्रवास त्यांच्याने होणं कठीण. म्हणून आकडे दोन लिहितात, एकूण हालचाल आणि अग्रगामी हालचाल. गोठवलेल्या घोड्याच्या वीर्यासाठी वितळवल्यानंतर अग्रगामी हालचाल साधारण 30 ते 35 टक्के असावी, अशी अपेक्षा धरतात. म्हणजे शंभरातले पासष्ट-सत्तर पुढे जात नसले तरी ते वीर्य स्वीकारलं जातं. हा आकडा कळल्यावर नवख्या माणसाचा चेहरा पडतो. पडू द्या. गोठण्याच्या वाटेवरून ते पस्तीस परत आले आहेत.

डोळा फसतो, हेही इथे बसूनच कळतं. जलद धावणाऱ्यांकडे नजर आपोआप ओढली जाते आणि निश्चल पडलेले निसटतात. पातळ थेंबात गर्दी विरळ दिसते, दाट थेंबात सगळेच हलतात असं वाटतं. एकच थेंब दोन जाणकारांनी पाहिला तर त्यांचे आकडे दहा-पंधरा टक्क्यांनी सहज वेगळे पडू शकतात. म्हणून आता संगणकाला जोडलेला कॅमेरा प्रत्येक शुक्राणूचा मार्ग रेखतो, वेग मोजतो. यंत्राला मूड नसतो, ते थकत नाही. पण काच कोमट आहे की नाही हे त्याला कळत नाही, आणि बलकाचा कण शुक्राणू समजून मोजायलाही ते कचरत नाही. यंत्रामागे पाहणारा माणूस लागतोच, असं माझं मत आहे.

नळी तशीच 37 अंशांवर ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचंय. वितळताच चाळीस टक्के हालचाल दाखवणारं वीर्य अर्ध्या तासात दहावर आलं, तर त्या चाळिशीला फारसा अर्थ नव्हता.

तोवर दुसरी काच घ्या. वीर्याच्या थेंबात इओसिन-निग्रोसिनचा थेंब मिसळा, पातळ पसरा, वाळू द्या. पार्श्वभूमी काळपट होते. त्यावर काही डोकी गुलाबी दिसतात, काही पांढरी. ज्यांचं आवरण फाटलं त्यांच्यात रंग शिरला, ते मेलेले. ज्यांनी रंगाला आत येऊ दिलं नाही ते जिवंत. इथे थोडं थांबा. या काचेवर काहीच हलत नाही, सगळं वाळून गेलंय, तरी जिवंत कोण होतं ते कळतं, कारण जिवंत पेशी आपल्या सीमेवर ठाम असते. दुसरी एक परीक्षा याच्या उलट बाजूने येते. शुक्राणूंना क्षार कमी असलेल्या पातळ द्रावणात सोडतात. पाणी आत शिरायला धावतं. ज्याचं आवरण शाबूत आहे तो पाणी आत घेतो, ते आतच अडतं आणि ताणाने त्याची शेपूट वळते. फाटक्या आवरणाची शेपूट सरळच राहते. एका परीक्षेत आत न येऊ देणं ही जिवंतपणाची खूण, दुसरीत आत घेऊन धरून ठेवणं. मला ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहायला आवडतात.

हालचाल आणि आवरण दोन्ही ठीक असूनही शिंगरू होत नाही, असंही घडतं. डोक्याच्या टोकावर एक टोपी असते; अंड्यापाशी पोहोचल्यावर ती उघडून आतला रस सुटला तरच शुक्राणू आत शिरतो. गोठण-वितळण्यात ती टोपी आधीच उघडून गेली असेल, तर तो दारापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. त्याहून खोल गोष्ट म्हणजे डोक्यातली आनुवंशिक साखळी. ती तुटलेली असेल तरी शुक्राणू सरळ आणि जोरात पोहतो. पोहण्याला तिची गरज लागत नाही. तिची तपासणी वेगळ्या रंगांनी, वेगळ्या यंत्रांवर करावी लागते. शिवाय वीर्यासोबत जंतू जाऊ नयेत म्हणून जंतूंची चाचणी वेगळी.

म्हणून एकाच चाचणीच्या भरवशावर घोडीवाल्याला शब्द देऊ नये.

मोजणीही करून टाकू, ती लवकर होते. एका वेळेस घोडीला किमान पंचवीस कोटी अग्रगामी शुक्राणू मिळावेत असा एक मान्य संकेत आहे. समजा एका कांडीत दहा कोटी शुक्राणू आहेत आणि त्यांतले 35 टक्के पुढे जातात. म्हणजे कांडीमागे साडेतीन कोटी. आठ कांड्या लागल्या. इतक्या कोटींतून बीजनलिकेत पोहोचतात ते फारच थोडे, आणि अंड्यात जातो एकच.

आता थोडं जड जाणारं काही. तपासलेल्या कांडीतून शिंगरू कधीच होणार नाही. एका तुकडीतल्या बाकीच्या कांड्यांबद्दल सांगण्यासाठी ती खर्च झाली. घोडा हयात असेल तर यात काही वाटत नाही. तो गेला असेल आणि त्याच्या सोळा कांड्या उरल्या असतील, तर प्रत्येक तपासणीने त्याच्यातला एक भाग कायमचा कमी होतो. काही जण नायट्रोजनच्या आतच कांडी कापून तिचा तुकडा तेवढा तपासतात, म्हणजे उरलेला भाग वाचतो. तरीही प्रश्न राहतो: न तपासता घोडीत घालायच्या, की एक गमावून बाकीच्यांबद्दल जाणून घ्यायचं? मी जाणून घेण्याच्या बाजूचा आहे. पण ज्याचा घोडा गेला त्याला पटवून देताना माझा आवाज बसेल.

टेबलावरून नजर उचला आणि महालक्ष्मीकडे पाहा. 1883 पासून तिथे शर्यती होतात, मैदान इथून फार लांब नाही. तिथे धावणाऱ्या प्रत्येक थरोब्रेड घोड्यासाठी या टेबलावरचं सगळं ज्ञान गैरलागू आहे. जगभरच्या थरोब्रेड वंशावळींचा नियम आहे की घोडा आणि घोडी प्रत्यक्ष समोरासमोर यावेत. कृत्रिम रेतनातून झालेलं शिंगरू नोंदवलंच जात नाही. मला हा नियम एका अंगाने आवडतो. एका घोड्याने एका हंगामात किती घोड्या फळवाव्यात याला त्याच्या शरीराचीच मर्यादा राहते, एकाच नावाचा वंश तितक्या सहज सगळीकडे पसरत नाही.

मग कांडी कोणासाठी? इथे घाट चढून वर जाऊ. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत धनगरांच्या वाड्यांबरोबर चालणारा एक बुटका, काटक घोडा आहे: भीमथडी. भीमेच्या काठची तट्टं मराठ्यांच्या फौजांत होती, हे आपण शाळेत शिकलो. नंतर तो फौजेतून गेला आणि मेंढपाळांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगर चढत राहिला. स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली ती अगदी अलीकडे. बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या आवारात 2023 साली भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मलं, म्हणजे आपल्या देशात हे हात तयार झालेले आहेत. भीमथडीचे चांगले वळू गोठवून ठेवावेत, त्यांच्या कांड्या तपासून नीट नोंदवाव्यात, असं मला फार वाटतं. एखादी साथ, एखादा दुष्काळ, किंवा नुसतं मोटारसायकलवर मेंढरांमागे जाण्याचं दिवसमान, एवढ्यानेही जात विरळ होत जाते.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथले जुने जाणकार घोड्याची परीक्षा कशी करतात ते डोळ्यांसमोर आणा. आधी लांबून चाल पाहतात. मग जवळ येतात, कान, डोळा, छाती, खूर. मग अंगावरचे भोवरे शोधतात; गळ्याशी देवमण असेल तर मोल वाढतं. दात पाहतात. घोडा फिरवून आणायला सांगतात, आणि पुन्हा तेच सगळं पाहतात. भोवऱ्यांवर माझी श्रद्धा नाही. पण एका घोड्याभोवती इतका वेळ फिरण्यावर आहे, आणि दुसऱ्यांदा पाहण्यावर तर फारच.

अर्धा तास झाला. नळीतला दुसरा थेंब काचेवर घ्या. काच कोमट आहे ना, हाताच्या पाठीला लावून बघा. डोळा लावा. सळसळ कमी झालीये. सरळ जाणारे अजून आहेत. एकेक शोधा, मोजा, दुसऱ्या क्षेत्रावर जा, पुन्हा मोजा.

आता वही ओढा. घोड्याचं नाव, कांडी भरल्याची तारीख, तुकडी क्रमांक. वितळवण्याचं तापमान आणि वेळ. लगेचची एकूण हालचाल, अग्रगामी हालचाल; अर्ध्या तासानंतरची. रंग न शिरलेले किती टक्के. शेपूट वळलेले किती. टोपीची तपासणी आज केली नाही, तर तो रकाना रिकामा ठेवा; तिथे अंदाज लिहू नका. साखळीचाही रिकामा.

या आकड्यांवर पुढे कोणी तरी रात्र काढणार आहे. गोठवलेल्या वीर्याचं आयुष्य घोडीच्या पोटात थोडं असतं. बीज सुटण्याच्या आधी बारा तासांच्या आत, किंवा सुटल्यावर सहा तासांच्या आत, एवढ्याच सापटीत ते पोहोचावं लागतं. म्हणून पशुवैद्य माजावरच्या घोडीला दर काही तासांनी सोनोग्राफी लावून बीजकोश पाहतो, रात्री दोन वाजताही पाहतो. गाभण राहिली तर पुढे अकरा महिने. कांडी उत्तम असून वेळ चुकली तर सगळं गेलं. कांडी बेताची असून वेळ अचूक साधली तर कधी कधी जमून जातं.

आणि मग घोडीवाल्याचा फोन येतो. तो आकडे विचारत नाही. तो विचारतो, डॉक्टरसाहेब, शिंगरू होईल ना?

घाईने हो म्हणू नका, नाही म्हणू नका. वही उघडी ठेवा आणि त्याला सांगा: वितळल्यावर अडतीस टक्के पुढे जात होते, अर्ध्या तासाने तीस. आवरण निम्म्याहून अधिकांचं शाबूत आहे. एवढं पाहिलंय, पुढचं पाहिलेलं नाही. सात कांड्या लागतील. आता तुम्ही सांगा, घोडी मागच्या वेळी कधी व्याली, आणि माजावर कोणत्या दिवशी आली?